फोनमधला खर्ज

गाण्याच्या बहुतेक क्लासमध्ये हल्ली तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यात उभा असतो आणि सूर धरायचं काम फोन करतो. अशाच एका क्लासमध्ये परवा एका मुलाने फोनवर तंबोरा लावला, काळी एकच्या पट्टीत, पहिली तार पंचमाला लावलेला, आणि शेजारी मित्राच्या फोनवर आवाजाचा आलेख काढणारं अ‍ॅप उघडून ठेवलं. पंचम, मग जोडाच्या दोन तारा म्हणजे मधला सा, शेवटी खर्ज म्हणजे त्याच्या एक सप्तक खालचा सा, असं आवर्तन सुरू झालं. खर्ज खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येत होता, कुणी त्यात आपला सा मिळवतही होतं. आलेखात मात्र खर्जाच्या जागी काहीच नाही. काळी एकचा खर्ज म्हणजे ६९ हर्ट्झ, सेकंदाला ६९ कंपनं; तिथे रेघ नाही. जोडाच्या १३८ वर नाही. पहिली धड दिसणारी रेघ चारशेच्या पुढे. "मग आपण ऐकतोय ते काय?" असं त्याने विचारलं, कुणीतरी "फोन साधा आहे रे" म्हणालं, आणि यमनचे पलटे सुरू झाले.

फोन साधा आहे हे खरंच. पण त्याने उत्तर मिळत नाही, उलट प्रश्न आणखी अवघड होतो. साध्या फोनमधून जो सूर बाहेर पडलाच नाही, तो दहा जणांनी एकाच वेळी, एकाच जागी कसा ऐकला?

हिशेब करून पाहू. फोनच्या स्पीकरचा पडदा नखाएवढा. चारशे-पाचशे हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज झपाट्याने पडतो. पण कोणतीही तार एकाच कंपनसंख्येने वाजत नाही. ६९.३ ची तार छेडली की तिच्याबरोबर १३८.६, २०७.९, २७७.२, ३४६.५, ४१५.८, ४८५.१ असे दुप्पट, तिप्पट, चौपट करत जाणारे अंशस्वर वाजतात. फोनमधून यातले पहिले पाच जवळजवळ गळून जातात आणि सहाव्यापासून वरचे बाहेर येतात. गंमत अशी, की उरलेल्यांमध्ये लागून असलेल्या कोणत्याही दोघांतलं अंतर ६९.३ चंच असतं. सगळे मिळून जी लाट तयार होते तीही दर १४.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ६९ वेळा, स्वतःची पुनरावृत्ती करते. मुलांच्या चेहरेपट्टीवरून न पाहिलेला बाप ओळखावा तसा मेंदू या अंशस्वरांवरून त्यांचा मूळ स्वर ओळखतो, आणि नुसता ओळखून थांबत नाही, तो ऐकवतो. जुन्या लँडलाइनच्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी जायची. पुरुषाचा बोलण्याचा मूळ स्वर शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो. तो पलीकडे कधी पोचलाच नाही, तरी वडिलांचा फोन आईचा वाटला असं कुणाच्या घरी झालं नाही.

यावरून एकोणिसाव्या शतकात जर्मनीत चांगलं भांडण झालं होतं. ऑगस्ट झेबेक याने १८४१ मध्ये भोकं पाडलेल्या फिरत्या तबकडीवर हवेचा झोत सोडून दाखवून दिलं, की मूळ स्वर अगदी क्षीण असला तरी ऐकणाऱ्याला तोच ठळक ऐकू येतो. विजेच्या नियमामुळे शाळेपासून माहीत असलेल्या गेऑर्ग ओम यांना ते पटलं नाही. जो स्वर हवेत आहे तोच कान वेचतो, बाकी सगळी कानाची फसगत, असं त्यांचं म्हणणं. पुढे हेल्महोल्ट्झसारखा मोठा शास्त्रज्ञ ओमच्या बाजूने उभा राहिला आणि झेबेक मागे पडला. १९४० च्या आसपास नेदरलँड्समध्ये स्काउटेन याने मूळ स्वर पूर्ण काढून टाकलेला आवाज ऐकवला. तो स्वर तरीही जागचा हलला नाही. फसगत म्हणून बाजूला सारलेली गोष्ट हीच ऐकण्याची नेहमीची रीत निघाली.

आतल्या कानातला शंख उलगडला तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरतो. त्याच्या दाराशी तार स्वर आणि टोकाशी खर्ज अशी जागांची वाटणी असते, आणि मेंदूला खबर देणाऱ्या आतल्या ओळीतल्या केसपेशी साधारण ३५००. एखाद्या आवाजाचे पहिले आठ-दहा अंशस्वर शंखावर वेगवेगळ्या जागी सुटे पडतात, त्यावरचे एकमेकांत मिसळतात. शिवाय नस केवळ जागा सांगत नाही, लाटेच्या ठरावीक टप्प्यावर ठोके देऊन वेळही सांगते. जागा आणि वेळ यांची गाठ मेंदूत कुठे पडते, याचा शोध बरीच वर्षं चालला. रॉबर्ट झटोरे याने १९८८ मध्ये मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तपासणी केली. उजव्या कानशिलामागच्या भागातली हेश्लची वळी, म्हणजे ऐकण्याशी जोडलेली मेंदूची घडी, जिथे शस्त्रक्रियेत कापली गेली होती, त्या रुग्णांना नेमका हा गैरहजर मूळ स्वर ओळखणं जड जात होतं. मूळ स्वर हजर असलेले सूर कळत होते. हा कळत नव्हता. २००५ मध्ये बेंडर आणि वांग यांना मार्मोसेट माकडांच्या मेंदूत असे न्यूरॉन सापडले, जे शुद्ध स्वर वाजला तरी पेटतात आणि त्याचे फक्त वरचे अंशस्वर वाजले तरी त्याच स्वरासाठी पेटतात. तेव्हा खर्ज ऐकण्यासाठी घराण्याची तालीम लागत नाही, माणूस असणंही लागत नाही.

तंबोरा बनवणाऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. पण त्यांनी जे केलं ते थेट याच्याशी जाऊन भिडतं.

खऱ्या तंबोऱ्यातसुद्धा ६९ चा स्वतःचा जोर वरच्या अंशस्वरांच्या मानाने दुबळाच असतो. भोपळा कितीही मोठा असला, भोपळ्यावरची लाकडी तबली कितीही पातळ असली, तरी तेवढ्या खालचा स्वर जोमाने हवेत ढकलायला ते पुरेसं पडत नाही. मग तंबोऱ्याचा खर्ज छातीत का उतरतो? कारण त्याच्या वरच्या अंशस्वरांची रांग विलक्षण भरगच्च आणि लांब असते, आणि ती जवारीने, म्हणजे तार घोडीवर घासत वाजण्याने, येते. घोडी म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी; सतारीसारखीच तंबोऱ्याचीही रुंद आणि किंचित कमानदार. तार तिच्यावर एका धारेवर टेकत नाही, त्या उतारावर घासत, टेकत-सुटत थरथरते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा एक दोरा सरकवलेला असतो. दोरा नसताना तार बहुधा कोरडी, बोथट वाजते. बोटाच्या टोकाने दोरा केसभर पुढे सरकवत तार छेडत राहायचं. एका जागी आवाज उघडतो, एकदम त्याला धार येते आणि तो लांबवर चालत जातो. आणखी केसभर सरकवला की तीच धार पत्र्यासारखी खरखरते, किंवा आवाज पुन्हा मिटतो. चारही तारांची जागा वेगळी, खर्जाची सगळ्यांत चिकट. दोरा सरकला की तारेचा सूरही थोडा हलतो, म्हणून जवारी लागली की तार पुन्हा मिळवावी लागते, आणि मिळवली की कधी कधी जवारी पुन्हा पाहावी लागते. घाई असलेल्या माणसाचं हे काम नाही. कितीही हलवून दोऱ्याला जागा सापडत नसेल तर दोष दोऱ्यात नाही; वर्षानुवर्षं घासून तारांनी घोडीवर चर पाडलेले असतात. तेव्हा ती मिरजेला नाहीतर जवळच्या कारागिराकडे नेऊन घासून घ्यायची. घरी पॉलिशपेपर हातात घेणाऱ्यांनी पुष्कळ घोड्यांची वाट लावली आहे. हस्तिदंत गेलं, आता सांबरशिंगही सहज मिळत नाही, त्यामुळे उंटाचं हाड, शिसवी, एबनी किंवा सरळ प्लॅस्टिक. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा आनंद आहेच, पण मिरजेचं खरं वैभव त्या कानशीत आणि ती चालवणाऱ्याच्या कानात आहे.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्यावर एक टिपण लिहिलं. साध्या तारेचा नियम असा, की जिथे छेडाल तिथे ज्या अंशस्वरांची गाठ पडते ते वाजत नाहीत. बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे सम अंशस्वर गायब. गिटारवर करून पाहा, आवाज पोकळ होतो. तंबोऱ्याची तार मध्यावर छेडली तरी हे अंशस्वर ठणठणीत वाजतात, हे रामन यांच्या लक्षात आलं आणि त्याचं कारण त्यांनी घोडीच्या कमानीत शोधलं. छेडल्या जागी जे हरवलं ते तार घोडीवर आपटताना परत मिळवते. शिवाय आवाज विरत जाताना सगळे अंशस्वर एका मापाने विरत नाहीत. आधी वरचे झळकतात, मग जोर खालच्यांकडे सरकत येतो. एकेका छेडीत एक अख्खी उतरंड ऐकू येते. एकसुरी आवाजाला मेंदू लवकर कंटाळतो, त्याची दखल घेणं कमी करतो; पंख्याची घरघर बंद झाल्यावरच कळते ती त्यामुळे. पेटीचा दाबून धरलेला सा थोड्याच वेळात असाच भिंतीत जाऊन बसतो. तंबोऱ्याचा बसत नाही, कारण तो दर छेडीला नव्याने घडतो. अ‍ॅपमध्ये इथेच घोळ होतो. बऱ्याचशा अ‍ॅपमध्ये खऱ्या तंबोऱ्याचंच ध्वनिमुद्रण असतं, पण काही सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवलेला. मेंदू पुनरावृत्ती हुडकण्यात तरबेज. त्या तुकड्यातली बोटाची एक बारीकशी घसट एकदा कानात भरली, की ती दर फेरीला तिथेच येणार हे ठाऊक होतं आणि रियाजभर तेवढंच ऐकू येत राहतं.

आता मिळवणं. आधी जोडाच्या दोन तारा खुंट्यांनी हव्या त्या पट्टीवर आणायच्या. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडतात, उन्हाळ्यात सैल पडून फिरतात, त्यासाठी खडूची भुकटी. बारीक काम मण्याने. मणी घोडीच्या खाली तारेवर ओवलेला. खाली तारदानाकडे, म्हणजे तार अडकवलेल्या टोकाकडे, सरकवला की तार आणि तबलीमधली जागा अरुंद होत जाते, तार ताणली जाते आणि सूर चढतो, वर घोडीकडे आणला की उतरतो. जोडाच्या दोन्ही तारा नेमक्या एक झाल्या का, हे कळायचं हेलकाव्यांवरून. एक १३८.६ वर आणि दुसरी १३९.१ वर असेल तर फरक अर्ध्या हर्ट्झचा, म्हणजे दोन सेकंदांत आवाज एकदा फुगतो आणि एकदा बसतो. इतका मंद हेलकावा नवख्या कानाला जाणवतच नाही, त्याला वाटतं जुळलं. पण त्याच दोन तारांच्या पाचव्या अंशस्वरांत फरक पाचपट होतो, सेकंदाला अडीच हेलकावे, आणि ते स्वच्छ कळतात. म्हणून मुरलेला माणूस तंबोरा मिळवताना खालचा सा ऐकतच नाही. त्याचा कान वर, त्या झणकाऱ्यात असतो. "वरचं ऐक" एवढंच तो शिकाऊ पोराला सांगतो. पोराला वाटतं हे काहीतरी अध्यात्म आहे. ते निव्वळ गणित आहे, पाचाचा पाढा.

आणि तो पाचवा अंशस्वर म्हणजेच स्वयंभू गंधार. ६९.३ च्या पाचपट ३४६.५, खर्जापासून दोन सप्तकं वर आणि तिथून शुद्ध गंधार. तंबोरा लागला की गंधार बोलतो असं जे गवई सांगतात, ते शब्दशः खरं आहे. पंचमाच्या तारेचा तिसरा अंशस्वर रिषभ देतो, पाचवा निषाद. चार तारांत दोनच स्वर लावलेले आणि वर अर्ध्याहून जास्त सप्तक फुकटात.

पण मग मालकंस रागाचं काय?

मालकंसाला पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमाला लावतात. गंधार कोमल. तरीही खर्जाचा पाचवा अंशस्वर शुद्ध गंधारच राहणार, तारेला राग कळत नाही. वर्ज्य केलेला पंचमसुद्धा सा च्या तिसऱ्या अंशस्वरात ठाण मांडून बसलेला असतो. तंबोऱ्याच्या पोटात शुद्ध गंधार आणि पंचम दोन्ही घुमत असताना दोन तास मालकंस चालतो आणि सभागृहात कुणाचाही कान खटकत नाही. खटकत नाही, कारण ते स्वर म्हणून ऐकूच येत नाहीत. एकाच वेळी सुरू झालेले, एकाच मूळ स्वराच्या अचूक पटीत बसणारे अंशस्वर मेंदू एकत्र बांधतो आणि त्यांचा एक आवाज, एक पोत करून टाकतो. शुद्ध गंधार तिथे सा चा रंग होऊन बसतो. प्रयोगशाळेत एखाद्या आवाजाचा एकच अंशस्वर मुद्दाम दोनेक टक्क्यांनी हलवला, की तो गाठोड्यातून सुटून वेगळी शिट्टी वाजावी तसा ऐकू येऊ लागतो. तोवर तो होता, पण नव्हता. बेसूर तंबोरा इतका का छळतो तेही यातच आलं. चार तारांची चार गाठोडी एकमेकांत नीट मुरत नाहीत, कडा सुट्या पडतात आणि मेंदूला मोजायला चाराऐवजी दहा आवाज दिसतात.

गाठोडं मुद्दाम सोडवताही येतं. खर्जाची तार एकटी छेडत बसा. आपल्या गळ्यातून शुद्ध गंधार हलकेच गुणगुणा, दोन-तीन सेकंद, आणि थांबा. पुढच्या छेडीत तो तंबोऱ्यातून बाहेर येऊन उभा राहील. हेल्महोल्ट्झनेही अंशस्वर ऐकायला शिकवताना हीच क्लृप्ती सांगितली होती: आधी तो स्वर वेगळा ऐका, मग त्याला गर्दीत शोधा. एकदा सापडला की पुष्कळ वेळ हरवत नाही, आणि मग मालकंस ऐकताना जरा पंचाईत होते. काहींना तो चटकन सापडतो, काहींना महिनोन्‌महिने नाही. यात आळसाचा किंवा कमी तयारीचा भाग दर वेळी असतोच असं नाही. हायडेलबर्गच्या पीटर श्नायडर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, की काही लोक मिश्र आवाजात मूळ स्वर धरतात तर काही सुटे अंशस्वर धरतात, आणि हा कल हेश्लच्या वळीचा डावा भाग मोठा की उजवा यानुसार बदलतो. मूळ स्वरवाल्यांची डावी, अंशस्वरवाल्यांची उजवी. "गंधार ऐकू येत नाही म्हणजे तुला कानच नाही" असं विद्यार्थ्याला म्हणायच्या आधी शिक्षकांनी हे लक्षात घ्यावं. त्या मुलाला खर्ज कदाचित गुरुजींपेक्षा जास्त पक्का ऐकू येत असेल.

याच गंधारापायी पेटी बदनाम झाली. पेटीचा गंधार समान वाटणीचा, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेला, ३४९.२. तंबोऱ्याचा ३४६.५. फरक पावणेतीन हर्ट्झचा, म्हणजे दोन्ही एकत्र धरले की सेकंदाला पावणेतीन हेलकावे, वरच्या सप्तकात साडेपाच. लागून असलेल्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर चौदा भागांची ही तफावत. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, त्यामागच्या आक्षेपांत हा एक होता. ती तीन दशकांनी सैल झाली. महाराष्ट्राला गोविंदराव टेंब्यांसारखे पेटीवादक मिळाले असल्यामुळे या बंदीचा राग आपल्याकडे अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये. कारण व्यवहारात शहाणा पेटीवाला गंधारावर उभाच राहत नाही. गवई गंधार लावून थांबला की तो सा-पंचम धरतो किंवा हात उचलतो, आणि आलापाच्या शेपटाला पुन्हा येतो. चौदा भागांचा हिशेब त्याने कधी मांडलेला नसतो, पण बोटांना तो पाठ असतो.

दोन सुरांतला बारीक फरक ओळखण्याची धार किती लवकर येते, याचं उत्तर थोडं अपमानकारक आहे. ख्रिस्तोफ मिशेल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पाहिलं, की संगीत न शिकलेले लोक ४ ते ८ तासांच्या सरावात वर्षानुवर्षं शिकलेल्या वादकांच्या पातळीला पोचतात. मग रियाज कशाचा करायचा? फरक ओळखणं हे कामाचं पहिलं पाऊल. तो फरक कोणत्या घराचा आहे, तो सा कडे निघालाय की सा सोडून चाललाय, हे घडायला वर्षं जातात. जन्मजात स्वरांध माणसांच्या बाबतीत तर आणखी विचित्र प्रकार आढळतो. शंभरात एक-दोघांना हा दोष असतो. बेसूर स्वर वाजला की त्यांच्याही मेंदूत विद्युत प्रतिसाद उमटतो, पण ती खबर जाणिवेपर्यंत जात नाही. सूर चुकला हे मेंदूला कळलेलं असतं, माणसाला कळलेलं नसतं.

घर कुणी बांधलं, हाही प्रश्न आहेच. १९८४ मध्ये कास्तेलानो, भरूचा आणि क्रुमहान्सल यांनी हिंदुस्थानी रागांचे नमुने भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही श्रोत्यांना ऐकवून, शेवटी एकेक स्वर वाजवून तो किती बसतो हे विचारलं. सा आणि पंचमाचं वजन दोघांनीही ओळखलं. जो स्वर जास्त वेळा, जास्त वेळ वाजतो तो पक्का, हे कुठलाही मेंदू हिशेबाने काढतो. पण नमुन्यात फारसे न वाजलेले, तरी थाटात, म्हणजे रागाच्या मूळ स्वरसमूहात, बसणारे स्वर फक्त भारतीय श्रोत्यांनी आपले मानले. २०१६ मध्ये जॉश मॅकडर्मॉट यांच्या गटाने बोलिव्हियाच्या जंगलातल्या चिमाने लोकांना संवादी आणि विसंवादी स्वरमेळ ऐकवले. त्यांना दोन्ही सारखेच गोड वाटले. षड्ज-पंचम भाव, म्हणजे सा आणि पंचमाचं गोड नातं, हा निसर्गाचा आदेश आहे असं ठासून सांगणाऱ्यांना हे पचत नाही. मात्र एक गोष्ट चिमाने लोकांनाही नको वाटली: दोन फार जवळचे सूर एकत्र वाजल्यावर होणारी खरखर. ती कानाच्या बांधणीतूनच येते. गोडवा शिकवावा लागतो, खरखर जन्मतः कळते.

तंबोऱ्यात ही खरखर मुद्दाम ओढवून घेतात ती मारवा रागात. पंचम वर्ज्य, मध्यम तीव्र, म्हणून पहिली तार निषादाला. मंद्र निषाद १२९.९, शेजारी जोड १३८.६. दोघांत साडेआठ-नऊ हेलकावे, दुसऱ्या अंशस्वरांत सतरा, तिसऱ्यांत सव्वीस. कानाला खुपणारा पट्टा नेमका हाच. तार लावताना निषाद सा जवळ ओढून चालत नाही. आधी खर्जातला गंधार ऐकून घ्यायचा आणि त्याचा पंचम म्हणून निषाद मिळवायचा. मग त्याचा तिसरा अंशस्वर तीव्र मध्यम देतो आणि रागाला घर मिळतं. निषाद केसभर चढा राहिला तर खरखर तेवढीच राहते पण तिला अर्थ उरत नाही, नुसता तंबोरा उतरल्यासारखा वाटतो. बरोबर लागला तर दर आवर्तनात निषाद ओरखडा काढतो आणि जोड येऊन तो पुसतो. गवई मात्र कोमल रिषभ आणि धैवतावर घोळत सा टाळत राहतो. तंबोरा दर चार-पाच सेकंदांनी सा देतोय आणि गळा तो घेत नाहीये. माँट्रियलमध्ये वलोरी सालिमपूर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मेंदूतलं डोपामिन मोजलं होतं. आवडत्या संगीतातला अंगावर काटा आणणारा क्षण येण्याच्या आधी ते एका भागात झरतं, प्रत्यक्ष क्षणी दुसऱ्या. वाट पाहण्याचा आनंद वेगळ्या खात्यात जमा होतो. मारवा पहिल्या खात्यावर जगणारा राग आहे. तिथे गवयाने दर मिनिटाला सा वर येऊन टेकायला सुरुवात केली तर राग व्याकरणाने शुद्ध राहील, पण ऐकणाऱ्याच्या खात्यावर काही जमणार नाही.

हे सगळं मागे बसलेल्या तंबोरेवाल्याच्या दोन बोटांवर अवलंबून असतं. मधल्या बोटाने पहिली तार, तर्जनीने उरलेल्या तीन; बोटाची मऊ कड तारेवरून सरकवायची, नखाने किंवा आकड्यासारखं ओढायचं नाही, नाहीतर छेडीचा टक्क आवाज अंशस्वरांच्या आधी येतो आणि कान तिकडेच वळतो. आवर्तन एकसारखं हवं, पण ठेक्याशी जुळलेलं नको. मध्यलयीत तबला सुरू झाला की नवखं बोट नकळत मात्रेवर पडू लागतं, कारण नियमित ठोका ऐकला की मेंदूतला हालचालीचा भागही त्याच्याबरोबर चालू लागतो, हात स्वस्थ असला तरी. आणि तंबोरा एकदा मात्रेवर पडला की ऐकणाऱ्याचा मेंदू त्याला ठेक्यात जमा करतो. चार तारा म्हणजे चार ठोके होतात. म्हणून जुने गवई तंबोऱ्यावर बसवताना पोराला तबल्याकडे पाठ करून बसवत, आणि तरीही बोट लयीत गेलंच तर गाता गाता मागे हात नेऊन त्याच्या गुडघ्यावर एक चापट देत.